मृण्मयीचं सोवळं

मृण्मयी आमच्या विद्यापीठाच्या सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत आली आणि पहिल्याच आठवड्यात तिचं नाव ‘सोवळ्यातली’ पडलं. नाव मीच ठेवलं होतं, आणि ते चुकलं असं मला आजही वाटत नाही. तिचे वडील त्र्यंबकेश्वरला पौरोहित्य करतात. पूजेची तयारी झाली की त्या सामानाला कुणी बोटही लावायचं नाही, हे ती लहानपणापासून बघत आलेली. आमच्या कामात हेच लागतं. टेबल स्पिरिटनं पुसायचं, हात बर्नरच्या ज्योतीजवळ ठेवायचे, जिवाणू वाढवायच्या प्लेटचं झाकण जेमतेम उचलायचं. आम्ही रडतखडत शिकलो ते ही बाई घरूनच शिकून आली होती. तिच्या प्लेटवर नको ती बुरशी कधी उगवली नाही. माझ्या प्लेटांवर काय काय उगवायचं ते न बोललेलं बरं.

पण तिच्या वस्तूंना दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला अजिबात खपत नसे. मुलगी गुणी, जिवाणूंच्या बाबतीत मात्र पक्की कंजूष.

आमच्या मार्गदर्शक अनसूया मॅडमचा एक नियम होता. चांगला जिवाणू हाती लागला की त्याची एक नळी शेजारच्याकडे ठेवायची. “विरजण नेहमी शेजारी देऊन ठेवावं,” मॅडम म्हणायच्या. “आपलं नासलं तर मागायला जागा राहते.” मृण्मयी मान डोलवायची आणि कुणाला काही द्यायची नाही.

तिचा सगळा जीव एका जिवाणूवर होता. आमच्याबरोबर संशोधन करणारा सुयश नांदगावचा. त्याच्या वडिलांच्या वावरात कांदा मुळाशी सडायचा, पण एका कोपऱ्यातला सडायचा नाही. सुयशनं त्या कोपऱ्यातली माती आणली आणि मृण्मयीनं त्यातून हा जिवाणू वेगळा काढला. कांदा सडवणारी बुरशी प्लेटभर कापसासारखी पसरायची, याच्याभोवती मात्र स्वच्छ रिंगण सोडायची. त्या रिंगणावर तिची पीएचडी उभी होती.

एक दिवस सुयशनं मॅडमच्या नियमाप्रमाणे, पण तिला न विचारता, त्या जिवाणूची एक नळी करून ठेवली. मृण्मयीनं प्रयोगशाळा डोक्यावर घेतली.

“विचारलंस मला?”

“आमच्याच वावरातला जीव आहे. त्याला भेटायला तुझी परवानगी लागते?”

तिनं ती नळी त्याला ऑटोक्लेव्हमध्ये टाकायला लावली. ऑटोक्लेव्ह म्हणजे आमचा मोठा प्रेशर कुकर. आत गेलेलं काही जिवंत बाहेर येत नाही. सुयशनं मुकाट्यानं नळी टाकली आणि तिच्याशी बोलणं सोडलं. मला तिचा असा राग आला होता की काय सांगू!

नंतर या शहाणीनं काय करावं? बायका सोनं डाळीच्या डब्यात लपवतात, तसं तिनं सगळ्या नळ्या एका जुन्या डब्यात भरल्या. डीप फ्रीजर बिघडला होता, म्हणून तिथल्या राखीव नळ्याही त्याच डब्यात गेल्या. आणि कुणी हात लावू नये म्हणून डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘टाकून देणे’. डबा साध्या फ्रीजमध्ये, मागच्या बाजूला.

शनिवारी पाहुणे तपासणीला येणार म्हणून मॅडमनी जयराममामांना फ्रीज साफ करायला सांगितलं. मामा आमचे परिचर, कामाला चोख. टाकायचं ते आधी ऑटोक्लेव्ह करायचं, मगच कचऱ्यात, हा नियम. मामांनी तो पाळला.

सोमवारी मृण्मयीनं फ्रीज उघडला, तर मागचा डबा गायब. मामांच्या तोंडचं पाणी पळालं. “ताई, तुम्हीच तसं लिहिलं होतं ना हो?”

आता ही मामांवर घसरणार म्हणून मी पुढे झाले. पण ती म्हणाली, “मामा, तुमचं काही चुकलं नाही.” मग स्टुलावर बसून हमसाहमशी रडली. ती मला पहिल्यांदा आवडली ती तेव्हा.

डोळे पुसून ती सुयशकडे गेली. त्यानं तिच्यापुढे स्टूल सरकवलं. मग म्हणाला, “उद्या सकाळच्या गाडीनं नांदगावला जाऊ. तूही चल गं वेदिका.”

सुयशचे वडील, भिमाजीकाका, वावरातच भेटले. माती नेऊ का, असं मृण्मयीनं चाचरत विचारलं.

“न्या की पोरी. माती काय माझ्या एकट्याची हाय? पण त्या कोपऱ्यात औंदा मका केलाय, कांदा नाय. घावंल का तुमचा जीव?”

“माहीत नाही, काका,” ती म्हणाली.

चिमूटभर मातीत जिवाणूंची जत्रा असते. त्यातून एक शोधणं एकटीच्या आवाक्यातलं नव्हतं. परतल्यावर मृण्मयीनं माती पाण्यात कालवून ते पाणी आम्हा सगळ्यांपुढे ठेवलं. “मला मदत करा. तुमच्या हातांनी करा, मी मध्ये बोलणार नाही.” बोललीच अर्थात, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. पण ते पाणी कांद्याच्या बुरशीबरोबर पसरायच्या प्लेटा आमच्या हातात दिल्या. आठवड्यांमागून आठवडे गेले, रिंगण काही दिसेना. ती वाळत चालली. दुसरा विषय घेऊ का, असंही तिचं मॅडमना विचारून झालं.

एका दुपारी मी माझी एक प्लेट फेकायला निघाले. नेहमीप्रमाणे कडेला हिरवी बुरशी माजलेली. मृण्मयीनं माझं मनगट धरलं. “थांब!” तिनं प्लेट उजेडाकडे धरली. माझ्या त्या घाणीच्या दुसऱ्या टोकाला, पांढऱ्या कापसात, एक स्वच्छ रिंगण होतं.

मॅडमनी सगळ्या चाचण्या पुन्हा करून घेतल्या. “तोच आहे,” त्या म्हणाल्या. “नसला तर त्याचा सख्खा भाऊ. लाग कामाला.” मला इतका आनंद झाला की मी मामांना पेढे आणायला पिटाळलं.

जिवाणू वाढल्यावर मृण्मयीनं त्याच्या नळ्या केल्या. एक मॅडमना दिली, एक मला. तिसरी घेऊन ती सुयशसमोर उभी राहिली. नळीवर तिनं स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं, ‘विरजण’.

सुयशनं ते वाचलं. “परत मारायला लावशील?”

“नाही,” मृण्मयी म्हणाली. “मागायला येईन.”