जाऊबाईंच्या सोफ्यातलं मांजर

सोफ्यांच्या दुकानात ती कापडाला टाके घालायची आणि माणसांना टोमणे मारायची, म्हणून कारागिरांनी तिचं नाव टाचणी ठेवलं होतं. अंगानंही तशीच, किडकिडीत. काम तिला नवऱ्यानं शिकवलं. पुढे तो दम्यानं खंगला आणि दुकान तिच्या अंगावर पडलं.

तो गेला त्या दुपारी ती दुकानात होती. घरी तो एकटाच. माणसं भेटायला येऊ लागली तशी थोरली जाऊ दारातच एकेकाच्या कानाला लागली, "नवरा तडफडत होता आणि ही बया सोफा शिवत बसली होती!"

खोटं नव्हतंच ते. फक्त सोफा कुणाचा, तेवढं जावेनं गिळलं. तिच्याकडे पाहुणे यायचे होते आणि सकाळपासून तिचेच फोनवर फोन चालू होते, "आज झालाच पाहिजे हं." टाचणीच्या अंगात तेव्हा बोलायचं त्राण नव्हतं. बोलायला लागली तोवर ऐकणारं कुणी उरलं नाही. पुढे तिच्या पोरीच्या लग्नात सासरच्या माणसांच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. त्या खुर्च्या बघून टाचणीनं मनाशी ठरवलं, ही बाई कधीतरी माझ्या तावडीत सापडेलच.

बऱ्याच वर्षांनी पुतण्या धापा टाकत दुकानात आला. "काकू, चल ना लगेच. सोफ्यात मांजर अडकलंय."

"मग मी काय करू? दूध पाजू?"

"सोफा हलवला की किंचाळतं गं. पाय कशाततरी अडकलाय. शिवलायस तू, तुलाच कळेल."

टाचणीनं कात्री, पक्कड आणि जाड पोतं उचललं.

मांजर परसातलं, माणसाला जवळ न फिरकू देणारं. घरात कुणी नसताना खिडकीतून आलं आणि माणसं परतताच घाबरून सोफ्याखालच्या फाटक्या अस्तरातून आत शिरलं. जाऊ भिंतीला चिकटून उभी होती. नवऱ्याची आत्या पाय वर घेऊन खुर्चीत बसली होती. आत्याबाईंच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या नातलगांत पोचायची. टाचणीला मनातून बरंच वाटलं.

जमिनीवर पालथी पडून तिनं विजेरी मारली. मागचा पाय स्प्रिंग आणि पट्ट्याच्या मध्ये सापडला होता. पट्ट्याचे खालचे खिळे उपसले असते तर सहज सुटला असता. ती उठली आणि स्टुलावर बसली, कात्री मांडीवर घेऊन.

"काढ ना गं," जाऊ म्हणाली.

"काढते. आधी आत्याबाईंना सांगा, हे गेले त्या दिवशी मी कुणाचा सोफा शिवत होते?"

"आत्ता हे काय उकरून काढतेस?"

"उकरायलाच बोलावलंत ना मला?"

आतून मांजर केविलवाणं ओरडलं. मुका जीव आत तडफडतोय आणि आपण सूड उगवत बसलोय, हे टाचणीला कळत होतं. तरी ती हलली नाही.

"आई, सांगून टाक ना!" पुतण्या वैतागला.

"माझा," जाऊ पुटपुटली.

"आत्याबाईंना कमी ऐकू येतं."

"माझा! हाच! आणि घाईही मीच केली होती! झालं समाधान?"

आत्याबाईंनी पाय खाली घेतले. "अगं, आणि तुझ्या शब्दावर आम्ही हिच्या पोरीच्या लग्नालासुद्धा गेलो नाही!"

टाचणी उठली. तिनं खालच्या खिळ्यांना हात लावला नाही. बसायच्या जागेचं कापड तिनं या टोकापासून त्या टोकापर्यंत टराटरा फाडलं, फोम उपसून फेकला आणि पट्टा कापला. पोतं टाकायच्या आत मांजरानं तिच्या मनगटात दात रुतवले आणि पाय ओढत खिडकीतून कुंपणापार झालं.

जाऊ चिंध्यांकडे बघत राहिली. "खालून निघालं नसतं का गं?"

"निघालं असतं," टाचणी म्हणाली.

दवाखान्यात सुई टोचताना नर्सनं विचारलं, "पाळलेलं होतं?"

"छे हो. जावेच्या घरातलं होतं."

दुसऱ्या दिवशी पुतण्या नव्या कापडाचं विचारायला आला. तिनं त्याला चहा पाजला आणि दुसरा कारागीर बघायला सांगितलं. आत्याबाईंनी तोवर आपलं काम चोख केलं होतं. चुलतसासू फोनवर रडली, "चुकलो गं आम्ही."

"पोरीला फोन करा," टाचणी म्हणाली. "लग्न तिचं होतं." आणि तिनं फोन ठेवून दिला. पट्टी बांधलेल्या हातानं कापड ताणायला त्रास होत होता, पण त्या दिवशी ती कुणालाच टोचून बोलली नाही.