महिनाअखेरचा साडू

माझ्या साडूने ज्याला विमा विकायचा प्रयत्न केला नाही, असा माणूस आमच्या पाहुण्यारावळ्यांत अजून जन्माला यायचा आहे. आणि तो जन्मला, की दवाखान्यात पहिला पोचणाराही साडूच असेल. नागपंचमीला लोक शिराळ्यात नाग बघायला जातात, हा नाग बघणाऱ्यांना गाठायला जातो. माझ्या पुतण्याच्या लग्नात शेवटची अक्षता पडली न पडली तोच बोहल्यावर चढून त्याने नवरदेवाच्या कानात सांगितलं, की आता पॉलिसीवर आईच्या जागी बायकोचं नाव घालून घ्या.

हे खूळ त्याच्या डोक्यात कंपनीने भरलं. पूर्वी नात्यात कुणाचं दुखलंखुपलं, की पहिला फोन त्याला जायचा आणि हा डबा घेऊन हजर. कंपनीने नेमकं हेच हेरलं. रुजू होताच ओळखीच्या शंभर माणसांची यादी लिहून घेतली आणि त्याला त्यांच्यावर सोडून दिलं. रोज सकाळी नऊला मोबाइलवर मीटिंग. ज्याचं टार्गेट अपुरं, त्याने कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, अशी तिथली शिस्त. एकदा हा पन्नाशीचा माणूस आमच्या स्वयंपाकघरात पोह्यांची बशी धरून अर्धा तास उभा होता, आणि पडद्यावरचं विशीतलं एक कार्टं त्याला 'माणसात भूक पाहिजे' हे शिकवत होतं. पोहे गार झाले. त्या कार्ट्याला हा सर म्हणतो. असली कंपनी माणसाचा गोतावळा उसासारखा पिळते आणि रस संपला की चिपाडाला घरी पाठवते. साडूचा रस संपत आला होता आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

मागच्या महिन्याच्या तीस तारखेला, म्हणजे टार्गेट भरायच्या शेवटच्या दिवशी, दुपारी त्याचा फोन आला. मी मोबाइल उपडा घातला आणि जेवायला बसलो. पुन्हा वाजला, मी पुन्हा भाकरी मोडली. संध्याकाळी मेहुणीचा बायकोला फोन आला, तेव्हा कळलं: त्याच्या वडिलांचं मिरजेत तातडीचं ऑपरेशन होतं, रक्त हवं होतं, आणि दुपारभर नात्यातल्या एकानेही त्याचा फोन उचलला नव्हता. रक्त माझ्याच गटाचं हवं होतं.

मी तसाच मिरजेला पळालो. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या जावयाने रक्त दिलं होतं, म्हातारा वाचला होता. साडू बाहेर बाकावर एकटाच बसला होता. जेवत होतो, ऐकूच आलं नाही, असं काहीबाही मी बरळलो. मला स्वतःचीच लाज वाटत होती. त्याने सरकून मला जागा करून दिली.

"असू द्या पाव्हणं," तो म्हणाला. "आज तीस तारीख हाय. मी बी उचलला नसता."