नातू घ्यायचा कसा

माझी सून फिलिपिन्सची, तिथल्या डोंगरातल्या मानोबो लोकांतली. दुबईत नर्स आहे. माझा लेकही तिथंच कामाला. गेल्या वर्षी दोघं पोराला घेऊन माझ्याकडं गावी, गडमुडशिंगीला आले. दोघांच्या ड्युटीत पोराची आबाळ होते, तेव्हा थोडा मोठा होईपर्यंत तो आजीकडं राहील, असं त्यांनी ठरवलं होतं. कुठल्या आजीकडं, ते मात्र ठरलं नव्हतं. माझ्याकडं रुळला तर इथं, नाहीतर तिच्या आईकडं. मी म्हटलं, यात परीक्षा कसली? दोन लेकरं वाढवलेली बाई मी.

पण मी हात लावला की नातू भोकाड पसरायचा. सून म्हणायची, "आई, कॅरी हिम." मी कडेवर घ्यायची. ती मान हलवायची, "नो, नो, कॅरी." मी खांद्यावर टाकून थोपटायची. "नो, कॅरी!" पोर रडून लालबुंद, मी घामाघूम. अगं बाई, उचललाय की, आता काय डोक्यावर घेऊ? मला तिचा रागच यायला लागला. हिला पोर इथं ठेवायचंच नाही, म्हणून मला मुद्दाम नापास करतेय, असं वाटायचं.

लेकाला विचारलं, तर मोबाईलमधून मान वर न काढता तो म्हणाला, "आई, त्यांच्यात कडेवर घ्यायला वेगळा शब्द हाय, पाठीवर घ्यायला वेगळा, डोक्यावरनं न्यायला वेगळा. इंग्रजीत सगळ्याला एकच. ती तरी काय करंल?"

"मग तिला कुठला पायजे?"

"मला काय म्हाईत? मला तिची भाषा कुठं येती?"

धन्य रे बाबा! मी कपाळावर हात मारला.

शेवटी सुनेनंच माझी जुनी साडी आणली, मला वाकवलं, पोर पाठीवर ठेवलं आणि छातीवर करकचून गाठ मारली. आमच्यात पोर पाठीला कोण बांधतं? शेजारच्या काकी दारातूनच ओरडल्या, "आगं, घोडं कुठं बांधलंयस?" सगळी गल्ली हसली. माझ्या हातात तलवार तेवढी नव्हती.

लाजेनं मी आत पळाले आणि भाकरी थापायला लागले. हात चालेल तशी पाठ हलत होती. दुसरी भाकरी तव्यावर टाकली, तेव्हा कळलं की रडणं थांबलंय. मानेवर गरम श्वास लागत होता. झोपला होता गडी! मला हसू की रडू कळेना. नातू माझ्याकडं राहणार होता.

"झोपला न्हवं?" मी सुनेला विचारलं. एवढं मराठी तिला यायचं. मी वळून बघितलं. ती दाराला टेकून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी गोंधळले. पोर कसं घ्यायचं ते हिनंच मला शिकवलं, आणि आता ते इथं ठेवून हीच जाणार होती. मी तिच्याकडं तोंड करून उभी होते, त्यामुळं तिला पोराचं तोंडही दिसत नव्हतं.

मी पुन्हा तिच्याकडं पाठ केली आणि पुढची भाकरी थापायला घेतली.