दोन ग्लासांवर कांदाभजी फुकट

मैत्रिणींनो, अजून छाती धडधडतेय, पण हसूही आवरत नाहीय.

आज ऑफिस सुटल्यावर निराला बाजारातल्या छोट्या वाईन बारमध्ये पहिल्यांदाच गेले. एकटीच, तोंडाला स्कार्फ बांधून. आधी दर बघितले आणि जीव भांड्यात पडला. पनीरच्या एका भाजीच्या पैशात वाईनचा ग्लास! वर दोन ग्लास घेतले की कांदाभजी फुकट. पण माझ्याच्यानं दोन कुठले संपायला?

एक ग्लास घेऊन बसले, तर शेजारच्या टेबलावर भिंतीकडं तोंड करून एक बाई. तिलाही स्कार्फ. बाजूच्या खुर्चीवर मेथीची पिशवी, आणि पिशवी आमच्याच घरची! रोज संध्याकाळी औरंगपुऱ्यात भाजी आणायला म्हणून निघणाऱ्या माझ्या थोरल्या जाऊबाई!

मी स्कार्फ आणखी वर ओढला. त्यांनी वळून आधी मला बघितलं, मग माझा ग्लास. हळूच म्हणाल्या, "ये गं इकडं. एका ग्लासावर भजी देत नायत. लई दिवसांपासून जोडीदारीण हुडकत व्हते."

सात वर्षं एका घरात राहून आम्ही एकमेकींना घाबरत होतो. भजी मात्र झकास होती.

तुम्ही घरात उगाच कुणाला घाबरताय? एकदा त्यांची पिशवी नीट बघा.