चकमधली चावी

मशीनवाल्या ताईंना रंगाची भीती वाटायची. जुन्या अवजारावर चढवलेल्या ताज्या रंगाची. तीन वर्षांपूर्वी हिरव्यागार रंगाला भुलून त्यांनी एक ड्रिल मशीन घरी आणलं आणि रंग खरवडला तर खाली बोटभर तडा. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ताई तेव्हापासून पाणीसुद्धा फुंकूनच पीत होत्या. भंगारात हात काळे करून त्यांनी घराच्या मागच्या खोलीत एकेक वस्तू जमवली होती: जबडा बदललेला वाइस, खरखरणारा ग्राइंडर, डझनभर कानशी. शिलाई मशीनं दुरुस्त करायला इतकी वर्षं एवढं पुरलं.

आता पुरेना. जुन्या मशीनचे बुश, म्हणजे दांड्याभोवती बसणाऱ्या धातूच्या छोट्या नळ्या, बाजारातून गायब झाले होते. बाहेरून करून घ्यावेत तर वर्कशॉपवाला पंधरा-पंधरा दिवस टोलवायचा. ज्या कपड्यांच्या कारखान्यावर ताईंचं घर चालायचं, त्याच्या मालकाने परवा सरळ सांगून टाकलं, की बंद पडलेली नऊ मशीनं महिनाअखेर चालली नाहीत तर मी दुसरा माणूस बघतो. बुश घरीच करायचे तर लोखंड फिरवत कापणारा लेथ हवा, आणि ताईंच्या ऐपतीतला लेथ साऱ्या शहरात एकच होता. एका निवृत्त टर्नरच्या शेडमध्ये.

टर्नरकाका किंमत भंगाराइतकीच सांगत. फक्त विकत नसत. मुलीला स्थळ बघावं तसं ते गिऱ्हाईक बघत. पाच जण त्यांनी परत पाठवले होते. एकाने मशीनच्या गुळगुळीत घासलेल्या बेडवर हातोडा ठेवला, दुसरा हातमोजे घालून चकाशी गेला, म्हणजे लोखंड पकडून फिरणाऱ्या त्या जबड्याशी, ज्यात हातमोज्यासकट हात ओढला जातो. बाकीच्या तिघांचे गुन्हे काय होते ते काकांनाच ठाऊक.

ताई पोचल्या तेव्हा दारातच काकूंनी त्यांचा हात धरला. हे मशीन चालू असेपर्यंत मला घास गिळवत नाही, आज तुम्ही ते न्याच, असं त्या कुजबुजल्या. का ते मात्र सांगितलं नाही.

लेथवर नवा रंग नव्हता. ताईंचा जीव तिथेच अर्धा भांड्यात पडला. त्यांनी अंगठी काढून पिशवीत टाकली, पदर कमरेला घट्ट खोचला आणि बेडवरून नख ओढत नेलं. काका एका बाजूला उभे राहून बघत होते.

"झिजलाय कुठे?" त्यांनी विचारलं.

"चकाजवळ. सगळं काम तिथेच होतं."

काका हसले नाहीत, पण त्यांनी पोटाला एप्रन बांधला. म्हणजे अर्धी लढाई जिंकली होती. त्यांनी एक सळई चकमध्ये धरली, चावीने चक आवळला. धार कशी लावायची, लोखंड नीट कापलं जात असलं की आवाज कसा येतो, हे सांगता सांगता ते चष्मा शोधायला वळले. चष्मा सापडला, नाकावर चढला आणि त्यांचा हात स्विचकडे निघाला.

चावी चकमध्येच होती.

चक फिरला की वीतभर लांबीची ती चावी गोळीसारखी सुटते, आणि समोर कोण आहे ते बघत नाही. हातोड्यावरून माणूस हाकलणाऱ्याला त्याच्याच शेडमध्ये चूक दाखवायची? लेथ गेला, त्याच्यामागे कारखानाही गेला. हे सगळं डोक्यात येऊन जाईपर्यंत काकांचं बोट बटणाला टेकलं होतं. ताईंनी त्यांचं मनगट पकडून मागे खेचलं.

"काका, चावी."

काकांनी चकाकडे पाहिलं. मग सावकाश चावी काढली आणि ती हातात धरून स्टुलावर बसले. ताईंना त्यांची दया आली आणि त्या दयेचीच लाज वाटली.

मोटरचा आवाज का आला नाही म्हणून काकू आत आल्या. काय झालं, असं त्यांनी विचारलं. ताई चटकन म्हणाल्या की काही नाही, मीच जरा थांबवलं, शंका होती एक.

"तिच्याशी खोटं बोलू नका," काका म्हणाले. "चावी राहिली. तिसरी वेळ."

"तिसरी?" काकूंनी भिंतीला हात टेकला. त्यांना एकच माहीत होती.

काकांनी एप्रन सोडला आणि कधी नेताय, असं विचारलं. ताई म्हणाल्या, उद्या सकाळी टेंपो बघते.

"आजच न्या. सकाळी मी उठलो की पुन्हा चालू करीन."

ताई टेंपो आणायला धावल्या, तेव्हा काकू मेन स्विच पाडून त्याला पाठ लावून उभ्या होत्या.