नागोयातला जबाब

नागोयात ऑफिसला जाताना सरांच्या गाडीचा आरसा माझ्या कोपराला लागला. मी सायकलसकट पडले. सर म्हणजे आमचे मॅनेजर. पुण्याचे. काच खाली करून मराठीत म्हणाले, "रस्ता काय तुझ्या बापाचा आहे? फुटपाथवरून जा की!"

मी डाव्या कडेनं, सायकलसाठी रंगवलेल्या निळ्या खुणांवरून सरळ चालले होते. इथं सायकल रस्त्यावरूनच चालवायची असते. हे त्यांनाही माहीत होतं.

पोलीस आला. सरांचं जपानी अस्खलित. मला म्हणाले, "तू गप्प बस. मी सांभाळतो." मग पोलिसाला सांगितलं, ही अचानक मध्ये वळली. एवढं जपानी मला कळतं. तरी मी मान खाली घालून म्हणाले, "सुमिमासेन." माफ करा. त्यानं लिहून घेतलं. कोपरातून रक्त येत होतं. दुखत नव्हतं. काहीच होत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत सर चार मराठी माणसांत हसत सांगत होते, "ह्यांच्यात सायकलपलीकडे कुणी काही पाहिलेलंच नसतं. रस्त्यावर कसं वागायचं ते कुठून कळणार?"

ह्यांच्यात.

मी समोरच डबा उघडून बसले होते. कुणी वर बघितलं नाही. मी पोळी चावत राहिले.

संध्याकाळी आईला फोनवर सगळं सांगितलं. ती मग म्हणाली, "तुझे बाबा पाटलाच्या घरापुढं सायकलवरून उतरायचे. हातात धरून न्यायचे. बसून गेलं की पाटलाची माणसं मारायची त्यांना."

"मला कधी बोलले नाहीत."

"लाज वाटायची."

लाज बाबांना वाटायची. मारणाऱ्यांना नाही.

मला रडू आलं नाही. सकाळी पोलीस चौकीत गेले. तोच पोलीस होता. मोडक्या जपानीत सांगितलं, "काल मी माफी मागितली, ती चूक होती. मी वळले नव्हते. गाडी फार जवळून आली." त्यानं दोनदा वदवून घेतलं. नवा कागद काढला. मी सही केली. समोरच्या दुकानाचा कॅमेरा बघतो म्हणाला.

दुपारी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "चौकीतून फोन आला होता मला. जबाब मागे घे. मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपतंय तुझं. विचार कर."

"केला, सर."

"मग?"

"नाही घेणार."

कॉन्ट्रॅक्ट जाईल. परत जावं लागेल. कॅमेऱ्यात काही सापडणारही नाही कदाचित. तरी त्या कागदावर माझी सही आहे. ती मी खोडणार नाही.