बायकोच्या नावावर चढलेली धून

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना आळीत सगळे शंकासुर म्हणत. दुकानाचं कुलूप ते तीनदा ओढून पाहत, आणि चार पावलं गेल्यावर मागे येऊन पुन्हा एकदा. पण माणूस मुळात असा नव्हता. तिशीत त्यांनी स्वतः रचलेली एक धून माउथ ऑर्गनवर वाजवून एका कंपनीला दिली होती. कॅसेट निघाली तेव्हा तिच्यावर भलत्याच माणसाचं नाव होतं. त्यानंतर ती धून त्यांनी घराबाहेर वाजवली नाही.

एक दिवस त्यांची भाची बातमी घेऊन आली. इंटरनेटवर गाण्यांची एक नवी जागा निघाली होती. गाणी कंपनीच्या ताब्यात नसत, शेकडो लोकांच्या संगणकांवर राहत. नियम वाजवणारे आणि ऐकणारे मिळून मतं देऊन ठरवत.

"म्हणजे मालकच नाही? मग गाऱ्हाणं कुणाकडे न्यायचं?" मामांनी विचारलं.

"तिथल्या सभेत. मतं तिथेच पडतात," भाची म्हणाली. तरी मामांच्या मनात पाल चुकचुकली.

त्यांनी परीक्षा घ्यायची ठरवली. बायको शाळेत ग्रंथपाल, सुरांशी तिचं जन्मात कधी जमलं नव्हतं. मामांनी धून वाजवली आणि मुद्दाम तिच्या नावाने तिथे चढवली. कुणी हटकलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी एका श्रोत्याने बाईंच्या दमसासाचं तोंडभरून कौतुक केलं.

"अहो, मला तर आता खरंच वाटायला लागलंय," बायको म्हणाली. मामांना हसू आलं नाही. त्यांनी धून काढून टाकली आणि भाचीला सांगून ते थेट तिथल्या सभेत हजर झाले.

सभा पडद्यावर भरायची. मामांनी जुनी कॅसेट कॅमेऱ्यासमोर धरली, तेव्हाचं सांगितलं आणि परवाचंही. हा माणूस मिठाचा खडा टाकायला आलाय, असं काहींनी तोंडावर ऐकवलं. पण अखेर थोड्या मतांनी नियम झाला: नवी धून आठ दिवस थांबेल, तेवढ्यात कुणीही हरकत घेऊ शकेल.

मग मामांनी आपली धून स्वतःच्या नावाने दिली. तिसऱ्याच दिवशी हरकत आली. कौतुक करणारा तोच श्रोता होता; सभेला तो आलाच नव्हता. बाईंच्या नावाची जुनी प्रत त्याच्या संगणकावर राहिली होती. "ही धून ग्रंथपाल बाईंची आहे. हे गृहस्थ चोर आहेत," त्याने लिहिलं होतं.

मामांची कानशिलं तापली. शेवटी बायकोला सभेपुढे माउथ ऑर्गन वाजवावा लागला. दोन फुंकरींतच सगळ्यांची खात्री पटली. मग मामांनी वाजवलं, डोळे मिटून, अगदी शेवटपर्यंत.

श्रोत्याने लांबलचक माफी मागितली. मामांनी ती तीनदा वाचली, भाचीलाही वाचायला लावली.

"एवढं गोड लिहितोय," ते म्हणाले, "जरा बघ गं, हा माणूस आहे तरी कोण."